अभ्यासक्रम बदलताना प्रशिक्षण आधी कोणाचे : शिक्षकांचे की मुख्याध्यापकांचे?

टाचणवही (धागाकर्ती)

निम्न माध्यमिक स्तराचा, म्हणजे साधारणपणे ११ ते १५ या वयोगटाचा, अभ्यासक्रम बदलला की आधी नव्या पाठ्यपुस्तकांची घोषणा होते आणि तिच्या पाठोपाठ शिक्षक प्रशिक्षणाची. मी विज्ञान शिकवते आणि प्रशिक्षणाचा आराखडा तयार करणाऱ्या एका गटातही काम करते. पैसा आणि वेळ दोन्ही बेताचे असतील, तर प्रशिक्षण आधी कोणाला द्यावे, या प्रश्नावर आमचा गट अडला आहे. एका बाजूचे म्हणणे असे की विषयशिक्षक तयार झाल्याशिवाय वर्गात काहीच बदलणार नाही. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की मुख्याध्यापक आणि पर्यवेक्षक तयार नसतील, तर तयार झालेला शिक्षकही महिन्याभरात जुन्या वाटेला लागतो.

मी दुसऱ्या बाजूची आहे. शिक्षक प्रशिक्षणाहून परततो तेव्हा त्याच्याजवळ प्रयोगातून निष्कर्षाकडे नेणारे पाठ असतात. पण तासिका तेवढ्याच मिनिटांची असते, वर्ग तेवढाच भरलेला असतो आणि आठवड्याच्या शेवटी त्याला विचारला जाणारा प्रश्नही तोच असतो, की पोर्शन कुठपर्यंत आला. हा प्रश्न जे विचारतात, त्यांच्यासाठी बहुतेक वेळा अर्ध्या दिवसाचे उद्बोधन ठेवलेले असते आणि त्यात परिपत्रक वाचून दाखवले जाते. आपले अनुभव वाचायला आवडतील, विशेषतः ज्यांचे मत माझ्याविरुद्ध आहे त्यांचे.

शेवटचा बाक

मुख्याध्यापकांना आधी प्रशिक्षण दिले, तर ते परत येऊन 'मी शिकून आलो आहे, आता तुम्ही करा' असे सांगतील. सध्या निदान दोघांनाही काही ठाऊक नसते, त्यामुळे स्टाफरूममध्ये समता नांदते.

वर्तुळकेंद्र

टाचणवही ताई, मी आपल्या विरुद्ध बाजूचा आहे. अभ्यासक्रमातला कोणताही बदल शेवटी एखाद्या मुलाच्या एका उत्तरापाशी येऊन ठेपतो, आणि त्या क्षणी वर्गात मुख्याध्यापक नसतात.

उदाहरण देतो. नव्या धाटणीच्या पुस्तकात अपूर्णांकांचा भागाकार 'उलटा करा आणि गुणा' या नियमाने सुरू होत नाही. पाऊण मीटर फितीतून अर्ध्या मीटरचे किती तुकडे निघतील, असे विचारलेले असते. मुले कागदाची पट्टी दुमडून बघतात. एक तुकडा निघतो, पाव मीटर उरते, म्हणून अर्धा वर्ग 'सव्वा' असे उत्तर देतो. एखादीच मुलगी 'दीड' म्हणते. दोघांनी पाहिलेली पट्टी एकच असते. उरलेला तुकडा मीटरच्या मापाने पाव आहे आणि मागितलेल्या तुकड्याच्या मापाने अर्धा आहे, हे मुलांच्याच तोंडून निघावे यासाठी पुढचा प्रश्न कोणता विचारायचा, हे शिक्षकाला तिथल्या तिथे सुचले पाहिजे. ते सुचले नाही, तर तो 'सव्वा' पुसतो, नियम फळ्यावर लिहितो आणि नवा अभ्यासक्रम त्या तासापुरता संपतो. हे ज्ञान विषयाचेही आहे आणि शिकवण्याचेही, आणि मुख्याध्यापकांचा मूळ विषय इतिहास असेल, तर ते यात फारशी मदत करू शकत नाहीत. हाताशी थोडा पैसा असेल, तर तो इथेच खर्च झाला पाहिजे.

मधली सुट्टी

वर्तुळकेंद्र सर, पट्टीचे उदाहरण उद्याच वर्गात करून बघते. वाचनखूण साठवली आहे.

मीमांसा

आधी कोणाला, या प्रश्नाइतकाच कसे, हा प्रश्नही महत्त्वाचा आहे, कारण पद्धत चुकली की क्रम कोणताही असला तरी फरक पडत नाही. दक्षिण आफ्रिकेचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. त्या देशाने १९९७ मध्ये 'करिक्युलम २००५' जाहीर केला आणि १९९८ पासून तो इयत्तांनुसार लागू करायला सुरुवात केली. वर्णभेदाच्या काळातले शिक्षण मागे टाकणे हा त्यामागचा हेतू होता आणि त्याला मोठा पाठिंबाही होता. तरीही २००० मध्येच लिंडा चिझम यांच्या अध्यक्षतेखाली आढावा समिती नेमावी लागली. समितीला बोजड परिभाषा, अपुरे शैक्षणिक साहित्य आणि घाईची अंमलबजावणी यांच्या जोडीला शिक्षकांचे तोकडे प्रशिक्षण आढळले. प्रशिक्षण कॅस्केड पद्धतीचे होते, म्हणजे वरच्या गटाने खालच्या गटाला आणि त्याने त्याच्या खालच्या गटाला शिकवायचे. शेवटच्या पायरीवर शिक्षकाच्या हाती परिभाषा पोहोचली, पण ती वापरून सोमवारी पहिल्या तासाला काय करायचे, हे पोहोचले नाही. २००२ मध्ये अभ्यासक्रम सुटसुटीत करून पुन्हा मांडला गेला.

दुसरी गोष्ट शिक्षक प्रशिक्षणाचे अभ्यासक ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स यांच्या मांडणीची, जी १९८० पासून या क्षेत्रात वारंवार उद्धृत होते. सिद्धान्त सांगणे, करून दाखवणे, सराव करून घेणे आणि प्रतिसाद देणे या सगळ्यांमुळे शिक्षकाला कौशल्य कळते; मात्र ते त्याच्या स्वतःच्या वर्गात रुजण्यासाठी नंतर कोणीतरी सोबत (कोचिंग) करावी लागते, असे त्यांचे म्हणणे आहे. अशा सोबतीवरच्या ६० अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण मॅथ्यू क्राफ्ट, डेव्हिड ब्लाझार आणि डिलन होगन यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केले. अध्यापनाच्या गुणवत्तेवर सरासरी ०.४९ प्रमाण विचलनाइतका (आकडे सरासरीभोवती किती पसरलेले आहेत, त्याचे हे माप) आणि विद्यार्थ्यांच्या संपादणुकीवर ०.१८ इतका परिणाम दिसला. शिक्षणातल्या उपक्रमांच्या मानाने हे आकडे चांगलेच आहेत. मात्र त्याच विश्लेषणात असेही दिसले की कार्यक्रम मोठा केला की परिणाम बराच घटतो. म्हणजे कॅस्केडची उतरंड सोडून सोबतीकडे वळलो, तरी कार्यक्रम पसरट होण्याचा धोका उरतोच.

सुलभक

मी त्या उतरंडीच्या मधल्या पायरीवर अनेकदा उभा राहिलो आहे, म्हणून थोडे तिथून लिहितो. सत्राची सरकचित्रे (स्लाइड्स) आमच्यापर्यंत आदल्या रात्री येतात. सकाळी समोर असे शिक्षक असतात, ज्यांना आमच्याहून जास्त वर्षांचा वर्गाचा अनुभव असतो, आणि आम्ही त्यांना 'विद्यार्थी हा ज्ञानाचा निर्माता आहे' हे वाक्य वाचून दाखवतो. ते मान डोलावतात. दुपारच्या सत्रात एखादे शिक्षक विचारतात की साठ मुलांच्या वर्गात गट करायचे तर बाक कसे फिरवायचे, आणि त्या प्रश्नाचे उत्तर कोणत्याच सरकचित्रात नसते.

तरीही कॅस्केड पद्धत सरसकट टाकून देण्याच्या मताचा मी नाही. हजारो शिक्षकांपर्यंत एकाच वर्षात पोहोचायचे असेल, तर पायऱ्या येणारच. माझा आग्रह एवढाच आहे की शेवटच्या पायरीवरचा निम्मा वेळ प्रत्यक्ष पाठ घेण्यासाठी राखून ठेवावा, शक्य असेल तर खऱ्या मुलांसमोर. वरच्या पायऱ्यांवर उद्घाटन, मनोगत आणि आभार यांना कात्री लावली, तर हा वेळ सहज निघेल.

शेवटचा बाक

आभारप्रदर्शन काढून टाकले, तर प्रशिक्षण संपले हे कळणार कसे?

जुनी घंटा

मी बरीच वर्षे मुख्याध्यापक होतो. वर्तुळकेंद्र यांचा मुद्दा मला मान्य आहे, पण मुख्याध्यापकांनी अपूर्णांक शिकवावेत अशी कोणाचीच अपेक्षा नाही. त्यांनी काय पाहावे आणि कशाला मोकळीक द्यावी, एवढाच प्रश्न आहे, आणि तो लहान नाही.

पाठ निरीक्षणाचा नेहमीचा तक्ता डोळ्यांसमोर आणा. त्यात 'गटकार्य घेतले : होय / नाही' असा एक रकाना असतो. मी मागे बसून पाहिलेला एक तास सांगतो. विषय होता वस्तू का तरंगतात. सहा-सहा मुलांचे गट केलेले होते आणि प्रत्येक गटापुढे पाण्याचे भांडे होते. माझ्या जवळच्या गटात एक मुलगा वस्तू पाण्यात टाकत होता, एक मुलगी तक्ता भरत होती, दोघे तिच्या वहीत डोकावून उतरवून घेत होते आणि उरलेले दोघे भांड्यात बोटे बुडवून बसले होते. तक्ता भरणाऱ्या मुलीने वस्तू पाण्यात पडण्याआधीच 'तरंगते' असे लिहिले होते, कारण पुढच्या पानावर उत्तर छापलेले होते. तक्त्याच्या भाषेत या तासाला 'होय' मिळते. मुख्याध्यापकांना आधी फक्त एवढे शिकवले, की तासभर मागे न बसता एका गटाशेजारी दहा मिनिटे बसावे आणि मुले काय बोलतात ते शब्दशः लिहून काढावे, तरी तासानंतर शिक्षकांशी बोलण्यासारखे काहीतरी हाती लागते. आमच्या वेळी आम्हाला निवृत्तिवेतनाची प्रकरणे, साठा नोंदवही आणि लेखापरीक्षण यांचे प्रशिक्षण मिळाले. वर्गात बसून काय पाहायचे याचे कधीच मिळाले नाही.

हे कोण्या एका ठिकाणचे दुखणे नाही. निम्न माध्यमिक शिक्षकांचे आणि शाळाप्रमुखांचे 'टालिस' नावाचे आंतरराष्ट्रीय सर्वेक्षण ओईसीडी ही प्रामुख्याने विकसित देशांची आर्थिक सहकार्य संघटना घेते. त्याच्या २०१८ च्या फेरीत पद स्वीकारण्यापूर्वी शालेय प्रशासनाचा किंवा मुख्याध्यापकपदाचा अभ्यासक्रम पूर्ण केलेले शाळाप्रमुख सरासरीने निम्म्याहून थोडेच जास्त होते. बाकीचे खुर्चीत बसून शिकले.

नवशिका

माझे नोकरीचे पहिलेच वर्ष आहे, म्हणून बिचकतच लिहिते. प्रशिक्षणात आम्हाला अध्ययन निष्पत्ती (मुलांना शेवटी काय यायला हवे), क्षमता आणि मूल्ये यांबद्दल बरेच सांगितले गेले. माझ्या मनात मात्र सतत एकच विचार होता की मुलांनी असा प्रश्न विचारला, ज्याचे उत्तर मला येत नाही, तर मी काय करू? असे वाटणे हा माझाच कमकुवतपणा आहे का?

मीमांसा

अजिबात नाही. जीन हॉल आणि शर्ली हॉर्ड या संशोधकांनी १९७० च्या दशकापासून यावर काम केले आहे. नवी पद्धत आली की शिक्षकांच्या चिंता ढोबळमानाने एका क्रमाने सरकतात, असे त्यांचे निरीक्षण आहे. आधी 'माझे काय होईल', मग 'हे सगळे वेळेत कसे बसवू' आणि त्यानंतर 'मुलांना याचा काय उपयोग होतो आहे'. आपल्या प्रशिक्षणांची अडचण अशी की ती तिसऱ्या चिंतेपासून सुरू होतात आणि समोरचा शिक्षक पहिलीत असतो. आपला प्रश्न पहिल्याच दिवशी उघडपणे चर्चेला घेतला पाहिजे.

जुनी घंटा यांच्या प्रतिसादाला पुस्ती जोडतो. विवियन रॉबिन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये शाळाप्रमुखांच्या वेगवेगळ्या कामांचा विद्यार्थ्यांच्या संपादणुकीशी काय संबंध दिसतो, याचे विश्लेषण केले. सर्वांत मोठा परिणाम, त्याच मापाने ०.८४ इतका, शिक्षकांच्या शिकण्याला चालना देणे आणि त्यात स्वतः सहभागी होणे या कामाचा दिसला. 'स्वतः सहभागी होणे' हा भाग आपल्याकडच्या उद्घाटक मुख्याध्यापकांनी लक्षात घेण्यासारखा आहे.

वर्तुळकेंद्र

हा आकडा मीही वाचला आहे, आणि तो थोड्याच अभ्यासांवर उभा आहे. ज्या शाळा मुळातच चांगल्या चालतात, तिथे मुख्याध्यापकांना शिक्षकांसोबत बसायला वेळही मिळतो, ही शक्यता त्यात वजा होत नाही. म्हणून ०.८४ हा आकडा फळ्यावर लिहून धोरण ठरवू नये, एवढेच म्हणतो. मुख्याध्यापकांनी प्रशिक्षणात शेवटपर्यंत बसावे, याला मात्र माझा पूर्ण पाठिंबा आहे.

लाल शाई

इतका वेळ वाचत होते. आपण सगळे ज्या गोष्टीला वळसा घालत आहात, ती म्हणजे परीक्षा. शिक्षक आणि मुख्याध्यापक दोघेही उत्तम तयार झाले आणि वर्षअखेरची प्रश्नपत्रिका जुनीच राहिली, तर वर्ग प्रश्नपत्रिकेच्या मागे जातो.

स्कॉटलंडमध्ये याची मोठ्या प्रमाणावर प्रचिती आली. तिथला 'करिक्युलम फॉर एक्सलन्स' २०१० पासून शाळांमध्ये राबवला गेला. माध्यमिकच्या पहिल्या तीन वर्षांपर्यंत व्यापक शिक्षण आणि त्यापुढे परीक्षांचे वर्ग अशी त्याची रचना आहे. ओईसीडीने २०२१ मध्ये त्याचा आढावा घेतला, तेव्हा वरच्या वर्गांच्या परीक्षा अभ्यासक्रमाच्या मूळ हेतूशी जुळत नाहीत, हा मुद्दा ठळकपणे मांडला गेला. युगांडाने फेब्रुवारी २०२० मध्ये निम्न माध्यमिक स्तराचा क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम पहिल्या वर्गापासून सुरू केला. पुढच्याच महिन्यात महासाथीमुळे शाळा बंद झाल्या आणि त्या पूर्णपणे उघडल्या थेट जानेवारी २०२२ मध्ये. त्या अभ्यासक्रमात शाळेतल्या सातत्यपूर्ण मूल्यमापनाला २० टक्के आणि अंतिम परीक्षेला ८० टक्के भार आहे, आणि त्यावरची पहिली प्रमाणपत्र परीक्षा २०२४ मध्ये झाली. आता विचार करा : ते २० टक्के देणारा शिक्षक गुण कसे देतो, हे कोण शिकवणार आणि कोण तपासणार?

एक साधा प्रयोग सुचवते. एकाच मुलाने लिहिलेल्या प्रकल्प अहवालाच्या प्रती काढाव्यात आणि प्रशिक्षणातल्या सर्वांनी बोलल्याशिवाय दहापैकी गुण द्यावेत. मी हे पाहिले आहे. एका टेबलावर त्याच अहवालाला कोणी चार दिले होते आणि कोणी नऊ. ज्यांनी नऊ दिले त्यांनी अक्षर, मुखपृष्ठ आणि चित्रे पाहिली होती. ज्यांनी चार दिले त्यांना दिसले होते की मुलाने मोजमाप एकदाच घेतले आणि निष्कर्ष मात्र 'नेहमी' या शब्दाने सुरू केला. पुढचा तासभर जी चर्चा झाली, तिच्यात नव्या अभ्यासक्रमाचा गाभा आपोआप आला. ही चर्चा मुख्याध्यापकांसमोर झाली पाहिजे, कारण पालक गुणांबद्दल विचारायला त्यांच्याकडेच जातात.

शेवटचा बाक

मुखपृष्ठाचे गुण पालकांना मिळाले असणार, कारण ते त्यांनीच रंगवलेले असते.

मधली सुट्टी

अवांतर वाटेल, पण ऑनलाइन प्रशिक्षणाबद्दल कोणी बोलत नाही. आमच्या ओळखीतले बरेच जण चित्रफीत एका खिडकीत चालू ठेवतात, दुसऱ्या खिडकीत निकालपत्रक भरतात आणि शेवटच्या चाचणीचे पर्याय समूहावर विचारून टिपतात. मन लावून पाहणाऱ्यांना आणि अशांना प्रमाणपत्र सारखेच मिळते.

सुलभक

अवांतर नाही. विषयाची उजळणी, नवा घटक समजून घेणे किंवा एखादा प्रयोग पाहणे यासाठी चित्रफिती उपयोगी आहेत, कारण त्या थांबवून पुन्हा पाहता येतात. सहकाऱ्याच्या तासावर बोलणे मात्र त्यातून होत नाही. टालिसच्या त्याच २०१८ च्या फेरीत अभ्यासवर्गांना आणि परिसंवादांना जाणारे शिक्षक बहुसंख्य होते, तर सहकाऱ्यांकडून शिकण्याच्या आणि सोबतीच्या कार्यक्रमांत भाग घेतलेले निम्म्याहून कमी होते. मीमांसा यांनी दिलेल्या पुराव्याच्या हे नेमके उलटे आहे.

मीमांसा

जपानमधला 'पाठ अभ्यास' इथे आठवतो. काही शिक्षक मिळून एका पाठाचे टाचण बारकाईने तयार करतात, मुले कोणकोणती उत्तरे देतील याचा अंदाज आधीच लिहून ठेवतात, एक जण पाठ घेतो, बाकीचे मुलांकडे बघतात आणि नंतर चर्चा होते. चर्चा शिक्षकाच्या आवाजाबद्दल किंवा फलकलेखनाबद्दल नसते. कोणते मूल कुठे अडले, याबद्दल असते. वर्तुळकेंद्र यांच्या 'सव्वा' आणि 'दीड' या दोन्ही उत्तरांना त्या टाचणात आधीच जागा मिळाली असती. आणखी एक गोष्ट वेळेची. जपानने निम्न माध्यमिक स्तराचा सुधारित अभ्यासक्रम मार्च २०१७ मध्ये प्रसिद्ध केला आणि तो पूर्णपणे लागू केला एप्रिल २०२१ पासून. मधल्या चार वर्षांत शाळांना तो वाचायला, त्यावर वाद घालायला आणि पाठ बसवून पाहायला वेळ मिळाला. पुस्तक जूनमध्ये आणि प्रशिक्षण ऑक्टोबरमध्ये, अशी तिथे गत नव्हती.

टाचणवही (धागाकर्ती)

सर्वांचे प्रतिसाद आमच्या गटात वाचून दाखवले. मूळ प्रश्नाकडे परत येते. मुख्याध्यापकांना आधी, या माझ्या मताला मी आता एक अट जोडते : त्यांना एकटे बोलवायचे नाही. प्रत्येक शाळेतून मुख्याध्यापक किंवा पर्यवेक्षक आणि त्यांच्यासोबत गणित व विज्ञानाचे शिक्षक, असे एकत्र बोलवायचे. पहिल्या फेरीत सगळ्यांनी मिळून एकच पाठ बसवायचा. मधल्या काळात शिक्षकांनी तो शाळेत घ्यायचा आणि मुख्याध्यापकांनी जुनी घंटा यांनी सांगितल्याप्रमाणे एका गटाशेजारी बसून मुलांचे बोलणे लिहून काढायचे. दुसऱ्या फेरीला येताना ती नोंद आणि मुलांच्या वह्या आणायच्या, आणि लाल शाई यांचा गुणदानाचा प्रयोग त्या वह्यांवर करायचा. बाकीच्या विषयांचे शिक्षक पुढच्या सत्रात येतील.

वर्तुळकेंद्र

ही रचना मला पटते. भाषा आणि सामाजिक शास्त्रे पुन्हा रांगेत मागे गेली, ही माझी नाराजी तेवढी नोंदवून ठेवा. स्रोत वाचून मत बनवणे हा नव्या अभ्यासक्रमातला सर्वांत कठीण भाग इतिहासाच्या तासालाच येतो.

नवशिका

आमच्या शाळेत गणित आणि विज्ञान दोन्ही मीच शिकवते. मग आमच्याकडून दोघेच यायचे का? आणि मी परत आल्यावर ज्यांच्याशी पाठावर बोलायचे, ते दुसरे गणित शिक्षक आमच्याकडे नाहीत.

टाचणवही (धागाकर्ती)

अशा लहान शाळांसाठी जवळच्या दोन-तीन शाळांचा मिळून एक संघ करण्याचा विचार आहे. आपले मुख्याध्यापक आणि शेजारच्या शाळेतले गणिताचे शिक्षक एका टेबलावर बसतील. अडचण अशी की परतल्यानंतर या मंडळींना भेटायला वेळ कुठून काढायचा, याचे उत्तर आमच्या आराखड्यात अजून रिकामे आहे.

जुनी घंटा

वेळापत्रक करताना उलट्या टोकाने सुरुवात करावी. बहुतेक शाळांत आधी प्रयोगशाळा आणि खेळाचे तास बसवले जातात, मग जोड तासिका, आणि शिक्षकांची सामाईक मोकळी तासिका उरलीच तर उरते. ती एक तासिका आधी कोऱ्या तक्त्यावर लिहावी, संघातल्या सर्व शाळांत एकाच वारी आणि शक्यतो शेवटच्या तासाला, आणि मग बाकीचे तास तिच्याभोवती बसवावेत. ते बसतात. त्या तासिकेवर अनुपस्थित शिक्षकांच्या जागचे बदली तास लावायचे नाहीत, एवढे एक आश्वासन पहिल्या फेरीतच मुख्याध्यापकांकडून सहीनिशी घ्यावे. माझ्या अनुभवात ती तासिका तिथूनच गळायला लागते.